बदाम की इस्पिक: व्रिस्का-टेरेझीच्या जोडीचं एक प्रकरण

व्रिस्का आणि टेरेझी एकमेकींच्या कोण लागतात यावर होमस्टक वाचणाऱ्यांचं कधी एकमत झालेलं मी तरी बघितलं नाहीये. कोणी म्हणतं प्रेम, कोणी म्हणतं हाडवैर, कोणी म्हणतं जिवाभावाच्या मैत्रिणी, आणि प्रत्येकाकडे दाखवायला पानं तयार असतात. आमच्या इंदूरला याच प्रश्नावरून चांगली चाललेली रविवारची बैठक मोडायला आली, दोन मुली एकमेकींशी बोलेनाशा झाल्या, आणि मग ते जेवढं सुटायचं तेवढं सुटलं. हे सगळं नीट लिहून ठेवते आहे, कारण असंच भांडण दुसरीकडे दुसऱ्या जोडीवरून रोज चालू असतं आणि लोकं खरंच दुखावतात त्यात.

बैठक म्हणजे काय तर रामबागेत एका काकूंच्या घरी सकाळी जमणारी आम्ही सात-आठ जणं, सगळी इथलीच मराठी घरं, काही होळकरांच्या काळापासून इथे असलेली. लॅपटॉप टीव्हीला जोडायचा, पोह्यांवर शेव आणि जीरावन घालून प्लेटा फिरवायच्या आणि पानं मोठ्याने वाचायची, एकेकाने एकेक पात्र घेऊन. टेरेझी वाचायची ती एक लॉ करणारी मुलगी. व्रिस्का वाचायची माझी मामेबहीण. हे मुद्दाम सांगते आहे कारण भांडण या दोघींतच झालं.

ज्यांनी वाचलं नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. होमस्टक हे अँड्र्यू हसीचं वेबकॉमिक, १३ एप्रिल २००९ ला सुरू झालं आणि मुख्य कथा बरोबर सात वर्षांनी, १३ एप्रिल २०१६ ला संपली. ८,००० पेक्षा जास्त पानं आहेत, आणि नुसती चित्रं नाहीत, मधेमधे अॅनिमेशन, छोटे गेम, आणि पात्रांच्या चॅटचे लांबच लांब लॉग. सुरुवातीला वाचकच पुढची कमांड सुचवायचे आणि लेखक त्यातली उचलायचा, ट्रोल पात्रांची नावं सुद्धा बरीचशी वाचकांच्याच सूचनांमधून आली. म्हणजे वाचकाने कथेत हात घालायचा ही सवय या कॉमिकनेच लावलेली आहे. २०२० च्या शेवटी फ्लॅश, म्हणजे ते अॅनिमेशन ज्याच्यावर चालायचे ते सॉफ्टवेअर, बंद झालं तेव्हा ते असे सहज चालेनात, म्हणून आम्ही दुसऱ्या चाहत्यांनी बनवलेल्या ऑफलाइन कलेक्शनमधून वाचतो.

चार खाने

ट्रोल म्हणजे अल्टर्निया ग्रहावरची जमात, राखाडी कातडी, शिंगं, रक्ताचा रंग प्रत्येकाचा वेगळा आणि त्या रंगावरून समाजातली पायरी ठरलेली. यांच्याकडे प्रेमाचे चार प्रकार आहेत आणि प्रत्येकाला पत्त्याचं एक चिन्ह आहे. बदाम म्हणजे मॅट्सप्रिट, आपण ज्याला सरळ प्रेम म्हणतो ते. चौकट म्हणजे मोइरेल, एकाने दुसऱ्याला शांत ठेवायचं, त्याच्या हातून काही भयंकर होऊ द्यायचं नाही. इस्पिक म्हणजे किस्मेसिस, वैर पण असं वैर की त्याच्याशिवाय करमत नाही, तेही त्यांच्यात प्रेमच धरतात. आणि किलवर म्हणजे ऑस्पिस्टिस, त्यात तिसरा माणूस लागतो जो दोघांच्या मधे पडून त्यांचं वैर हाताबाहेर जाऊ देत नाही. आमच्याकडे ही इंग्रजी नावं कोणी घेतच नाही, "अगं ते दोघं चौकट आहेत ना" असंच बोलतात, बदाम सात खेळत मोठे झालेल्या घरांमध्ये ते लगेच रुजलं.

साध्या जोड्यांना हे खाने छान लागू पडतात. इक्वियस आणि नेपेटा चौकट, यात कोणाला शंका नाही. रोझ आणि कनाया बदाम, शेवटी तर लग्नच होतं त्यांचं. पण कथाच हेही सांगते की ट्रोलांची नाती एका खान्यातून दुसऱ्यात घसरतात, बदामचं इस्पिक होतं आणि परत बदाम होतं. हे वाक्य बहुतेक लोकं वाचतात आणि विसरतात.

त्या दोघींचा हिशेब

व्रिस्का सेर्केट आणि टेरेझी पायरोप लहानपणी एका खेळात जोडीदार होत्या, टीमचं नाव टीम स्कर्ज. खेळ खरा होता, म्हणजे हरलेली पोरं खरी मरायची, आणि व्रिस्काला तर आपल्या घरातल्या जाळं विणणाऱ्या राक्षसी कोळिणीला ट्रोल खाऊ घालावेच लागायचे नाहीतर तिने हिलाच खाल्लं असतं. समोरच्या टीममध्ये टॅव्हरॉस आणि अरेडिया. व्रिस्काने टॅव्हरॉसच्या मनाचा ताबा घेऊन त्याला कड्यावरून उडी मारायला लावली, त्याचे पाय कायमचे गेले. अरेडियाने बदला म्हणून व्रिस्काने मारलेल्यांची भुतं तिच्यावर सोडली. व्रिस्काने सॉलक्स या दुसऱ्या ट्रोलच्या मनाचा ताबा घेऊन त्याच्या हातून अरेडियाचा जीव घेतला. तेव्हा टेरेझीने डाव टाकला आणि त्यात व्रिस्काचा एक हात आणि एक डोळा गेला, आणि त्यावर व्रिस्काने टेरेझीची दृष्टी घालवली. हे सगळं तेरा वर्षांच्या आसपासच्या पोरी करताहेत.

आणि तरी बोलणं बंद होत नाही. पुढचे लॉग वाचले की दिसतं, टोमणे मारतात, चिडवतात, एकमेकींचे डाव ओळखतात, आणि जे दुसऱ्या कोणाला सांगणार नाहीत ते एकमेकींना सांगून बसतात.

मग येतो तो नाण्याचा प्रसंग, ज्याच्यावर आमच्याकडे सगळं फुटलं. व्रिस्काला एकटीने जाऊन जॅक या बलाढ्य खलनायकाशी लढायचंय, तिला वाटतं आपण त्याला हरवू. टेरेझीला निवडींचे परिणाम दिसतात, ती तिची शक्तीच आहे, आणि तिला दिसतं की ही गेली तर जॅक तिच्या मागावर इथे येणार आणि उरलेल्या सगळ्यांना मारणार. व्रिस्काची शक्ती नशिबावर चालते, म्हणजे नाणं ती हवं तसं पाडू शकते, आणि टेरेझीला ते माहीत आहे. तरी ती नाणं उडवते. व्रिस्का पाठ फिरवते, हिची हिंमत होणार नाही या खात्रीने. आणि टेरेझी काठीतली तलवार काढून तिच्या पाठीत घालते. गॉड टियर झालेलं, म्हणजे जवळजवळ अमर झालेलं पात्र (व्रिस्का तशी झालेली होती) एक तर वीरमरणाने मरतं नाहीतर न्याय्य मरणाने, बाकी सगळ्यातून परत उठतं. व्रिस्का परत उठली नाही.

पुढे टेरेझी पार कोसळते. गॅमझी या खुनी ट्रोलबरोबर चोरून इस्पिक जोडते, त्यात तिची नुसती दुर्दशा आहे. शेवटी जखमी अवस्थेत ती जॉनला, म्हणजे घडलेलं मागे जाऊन बदलू शकणाऱ्या माणसांतल्या मुलाला, सांगते की मागे जाऊन हे बदल, आणि जॉन त्या क्षणी जाऊन व्रिस्काला एक ठोसा मारून बेशुद्ध करतो, मग तलवार काढायची वेळच येत नाही. नव्या कालरेषेत दोघी तीन वर्षं एकत्र प्रवास करतात, आणि तिथे गॅमझीशी टेरेझीचं काहीच नाही, गॅमझी फ्रीजमध्ये कोंडलेला आहे. शेवटी व्रिस्का लॉर्ड इंग्लिश या सगळ्यात मोठ्या खलनायकाशी लढायला निघून जाते आणि नंतर टेरेझी तिला अंतराळात शोधत फिरते. तोंडाने मात्र "आपण अमुक आहोत" असं दोघी या सगळ्यात ठामपणे म्हणत नाहीत.

बैठकीत काय झालं

नाण्याचं पान वाचून झालं आणि लॉवाली म्हणाली, यापेक्षा मोठं प्रेम मी कुठल्या कॉमिकमध्ये वाचलं नाहीये. तिचं म्हणणं असं की टेरेझीला व्रिस्काला मारायचं नव्हतं हे प्रत्येक चौकटीत दिसतं, तिने नाणं उडवलं ते नशिबासाठी नाही तर व्रिस्काला थांबायची एक शेवटची संधी द्यायला, आणि ज्या माणसावर जीव आहे त्यालाही जी न्याय लावते तिचंच प्रेम खरं. बदाम, सरळ बदाम. पुढची सगळी कथा पुरावा म्हणून तिने मांडली, की जिच्यावर प्रेम नव्हतं तिच्यासाठी कोण सगळी कालरेषा मोडायला सांगेल.

मामेबहिणीने पान बंद केलं, म्हणजे अक्षरशः लॅपटॉपचं झाकण लावलं, आणि म्हणाली जिने डोळे घालवले तिच्याशी प्रेम जोडायचं असेल तर मला नाही वाचायचं पुढे.

मग एक इंजिनिअरिंगवाला मधे पडला, अरे भिया हे तर किताबी इस्पिक आहे, यात भांडायचं काय, एकीने हात घेतला एकीने डोळे, हिशेब बरोबर. हे त्याने समेट करायला म्हटलं होतं पण दोघी त्याच्यावर तुटून पडल्या. लॉवालीने काढलं की व्रिस्काचं इस्पिक तेव्हा एरिडनबरोबर होतं, चौकट कनायाबरोबर, मग टेरेझी कुठल्या रिकाम्या खान्यात बसवतोस. मामेबहीण म्हणाली इस्पिकमध्ये सुद्धा एक मर्यादा असते, दोघांनी मान्य केलेलं वैर असतं ते, कोणाला आयुष्यभराचं अपंग करणं हे कुठल्याच चिन्हात बसत नाही, तो गुन्हा आहे आणि तुम्ही त्याला पत्ता चिकटवताय.

लॉवालीने उत्तर दिलं की टेरेझी स्वतः आंधळेपणाला शाप मानत नाही, ती रंगांचा वास घेते, चव घेते, आणि एका कालरेषेत तिला डोळे परत मिळतात तेव्हा उलट तिला ते नकोसं होतं. कथेप्रमाणे हे खरं आहे. त्यावर मामेबहीण जे बोलली ते मला फार महत्त्वाचं वाटतं: तिने शाप मानला नाही हा टेरेझीचा मोठेपणा, तो व्रिस्काच्या खात्यात का लिहिताय.

त्यानंतर ती उठून गेली आणि पुढचे काही रविवार आलीच नाही. मला घरी कळलं की तिची शाळेपासूनची एक मैत्रीण आहे, होती म्हणायला हवं, जिने तिला बरंच मोठं नुकसान केलं आणि वर सगळा ग्रुप तिलाच सांगत राहिला की अगं तुमची दोघींची जोडीच तशी आहे, प्रेमाने भांडता. इतकंच लिहिते, बाकीचं तिचं आहे.

पत्ते

लॉवालीच स्वतःहून माझ्याकडे आली, राजवाड्याजवळ भेटलो आम्ही, आणि म्हणाली ताई मला ती परत यायला हवीये पण मी माझं मत खोटं खोटं बदलणार नाही. मला तिचं हे बोलणं आवडलं. मी म्हटलं मत नको बदलूस, पुरावे मांडूया, तुझ्या लॉमध्ये करतात तसे. मामेबहिणीला मी एवढंच सांगितलं की तुझं म्हणणं खोडायला बोलवत नाहीये, मांडायला बोलवतेय, आणि ती आली.

काकूंच्या घरी जमिनीवर चार पत्ते ठेवले, बदाम, चौकट, इस्पिक, किलवर. मग दोघींनी मिळून कागदाच्या चिठ्ठ्या केल्या, एकेका चिठ्ठीवर एकच घटना, फक्त घटना, त्यात मत नाही. "दृष्टी गेली." "हात आणि डोळा गेला." "नाणं उडवलं." "पाठीत तलवार." "गॅमझीबरोबर इस्पिक, व्रिस्का मेल्यावरच." "जॉनला सांगितलं." "तीन वर्षं एकत्र." "शोधत गेली." भुताच्या रूपातली व्रिस्का आणि मीना नावाची दुसरी ट्रोल यांच्यावरही एक चिठ्ठी झाली, ती लगेच बाजूला गेली कारण ती जुन्या कालरेषेत मेलेली, दुसरीच व्रिस्का. प्रत्येकाने चिठ्ठी उचलून आपल्या मते जिथे बसते तिथे ठेवायची आणि कथेतलं पान सांगायचं. कथेतली नेपेटा आपल्या गुहेच्या भिंतीवर सगळ्यांच्या जोड्या रंगवून ठेवते ना, तसंच काहीसं ते दिसायला लागलं.

सुरुवातीच्या चिठ्ठ्या भराभर लागल्या. "शोधत गेली" बदामवर, कोणी हरकत घेतली नाही, मामेबहिणीने सुद्धा. "गॅमझीबरोबर" यावर मजेशीर वाद झाला, इंजिनिअरिंगवाला म्हणाला बघा, व्रिस्का असते तेव्हा टेरेझीला इस्पिकसाठी दुसरं कोणी लागत नाही म्हणजे तो खाना व्रिस्कानेच भरलेला आहे, आणि लॉवाली म्हणाली छे, ती स्वतःला शिक्षा करत होती, व्रिस्का जिवंत असल्यावर शिक्षेची गरजच उरली नाही. दोन्ही वाचनं पानांवर उभी राहतात, मी परत जाऊन वाचलं.

"पाठीत तलवार" मात्र कुठेच बसेना. लॉवालीने बदामवर ठेवली, प्रेम असून केलेला न्याय. दुसऱ्याने उचलून इस्पिकवर, शेवटचा वार. मग आमच्यातला एक कमी बोलणारा दादा, त्याने ती उचलली आणि चौकटवर ठेवली, म्हणाला मोइरेलचं काम हेच ना की समोरच्याच्या हातून भयंकर काही होऊ द्यायचं नाही, टेरेझीने तेच केलं, सगळ्यात वाईट पद्धतीने केलं पण काम तेच. खोलीत सगळे गप्प. एकच चिठ्ठी तीन पत्त्यांवर तितक्याच हक्काने बसत होती.

आणि "दृष्टी गेली" ही चिठ्ठी तशीच मधे पडून. तिला कोणी हातच लावला नव्हता, लॉवालीने सुद्धा नाही. मामेबहिणीने ते बोट दाखवून सांगितलं. लॉवाली थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ही मी बदामवर ठेवू शकत नाही. मग दोघी बोलायला लागल्या, चिठ्ठ्यांबद्दलच, पण बोलायला लागल्या.

मला काय दिसलं

त्या दिवशी मला स्पष्ट झालं की तीन वेगळे प्रश्न एकाच नावाखाली चालले होते. लॉवाली विचारत होती की त्यांच्या मनात काय आहे. इंजिनिअरिंगवाला विचारत होता की अल्टर्नियाच्या नियमाने कुठला खाना. आणि मामेबहीण विचारत होती की हे नातं चांगलं आहे का, आपण त्याच्या बाजूने उभं राहायचं का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणी खान्यात मागितलं की भांडण होणारच, कारण "बदाम" म्हटल्याबरोबर समोरच्याला ऐकू येतं की मग जे झालं ते चालतं. लॉवालीच्या बोलण्यात ते कधीच नव्हतं पण ऐकणाऱ्याला तेच ऐकू आलं, आणि तिच्या बाबतीत तर आधी कोणीतरी खरंच तसं म्हणून झालेलं होतं.

आणखी एक गोष्ट, जी चाहत्यांच्या वादात मला फार कमी वेळा वाचायला मिळते. हे चार खाने आले कुठून? ते निसर्गाने दिल्यासारखे आपण वापरतो, पण कथेत बदाम आणि इस्पिक यांच्यामागे एक सरकार आहे. ठराविक वेळेला साम्राज्याचा ड्रोन दारात येतो, जोडीदाराबरोबर प्रजननद्रव्याची बादली भरून द्यायची, देता आली नाही तर तो जागेवर मारतो. म्हणून तिथल्या पोरांना आपला बदाम आणि इस्पिक कोण हे ठरवायची एवढी घाई असते, ती घाई जिवाच्या भीतीची आहे. व्रिस्का आणि टेरेझीची खरी गोष्ट जेव्हा घडते तेव्हा अल्टर्निया संपलेलं आहे, त्यांची जमात जवळजवळ सगळी मेलेली आहे, कोणताही ड्रोन येणार नाहीये. कोणाला उत्तर द्यायचं नाही म्हटल्यावर या दोघी आपल्या नात्याला नाव देत नाहीत, आणि मला वाटतं लेखकाने ते विसरून सोडलेलं नाही, ते तसंच ठेवलंय. आपण वाचक मात्र बादली घेऊन दारात उभे.

माझं स्वतःचं मत विचाराल तर, नाण्यापर्यंत मी याला प्रेम म्हणणार नाही, दोन घाबरलेल्या, हुशार, क्रूर पोरी ज्यांना एकमेकींशिवाय बरोबरीचं कोणी नव्हतं. ठोशानंतरच्या कालरेषेत प्रेम आहे, मला त्यात शंका नाही, माणूस इतक्या लांब उगाच कोणाला शोधत जात नाही. पण ते प्रेम मागचं काही धुऊन काढत नाही, आणि टेरेझीने माफ केलं असेल तर तो अधिकार टेरेझीचा, आपला वाचकांचा नाही. लॉवालीला यातलं पहिलं वाक्य मान्य नाही. मामेबहिणीला दुसरं मान्य नाही, ती म्हणते सवयीला प्रेम म्हणू नकोस ताई.

बैठक परत सुरू आहे. दोघींनी पात्रं बदलून घेतली, हे त्यांचं त्यांनीच ठरवलं, आता मामेबहीण टेरेझी वाचते आणि लॉवाली व्रिस्का. मामेबहिणीची एक अट होती की व्रिस्का-टेरेझीवर बोलणं निघालं की "दृष्टी गेली" ही चिठ्ठी समोर ठेवायची, आणि ती सगळ्यांनी पाळली आहे, लॉवाली तर स्वतःच काढून ठेवते. लॉवालीचीही एक अट आहे, की "तुला असं कसं वाटू शकतं" हे वाक्य कोणी बोलायचं नाही, पान दाखवायचं. वाद अजून होतात, मागच्या वेळी तर "तीन वर्षं एकत्र" या चिठ्ठीवरून पोहे गार झाले, आणि ती अजून चौकट आणि बदाम यांच्या मधे पडलेली आहे.

पुढचं प्रकरण कार्कॅट आणि गॅमझीचं घेतोय. गॅमझीने इक्वियस आणि नेपेटाला मारल्यावर कार्कॅट त्याला थोपटून शांत करतो आणि दोघं चौकट होतात, ते नातं खरं होतं की कार्कॅटकडे दुसरा मार्गच नव्हता, हा प्रश्न आहे. मामेबहिणीने चिठ्ठ्या आधीच लिहून आणल्यात, आणि यावेळी पहिली चिठ्ठी नेपेटाची आहे.